कामाचा दिवस तुम्ही कुठे संपवता? (अनुभव धागा)

मी लेखा विभागात काम करते. वर्षअखेरीच्या दोन महिन्यांत माझी रात्र ठरलेली असायची. अकराला पाठ टेकली की लगेच डोळा लागायचा आणि तीनच्या सुमारास कुणी हाक मारावी तशी जाग यायची. डोळे उघडण्याआधीच एखादा आकडा डोक्यात उभा असायचा. अमुक खात्याची शिल्लक जुळत नाही, तमुक पुरवठादाराचं बिल दोनदा तर चढलं नाही ना? अंधारात मी तीच बेरीज पुन्हा पुन्हा करायचे. समोर कागद नाही, त्यामुळे ती कधी पुरी व्हायची नाही. पाचला डोळा लागायचा, सहाला गजर.

फोन दुसऱ्या खोलीत ठेवला, संध्याकाळची कॉफी सोडली. कॉफीतल्या कॅफिनचा निम्मा भाग शरीरातून जायलाच पाच-सहा तास लागतात, हे मला चाळिशी गाठेपर्यंत माहीत नव्हतं. त्यानं झोप गाढ झाली, पण तीनचा आकडा काही जाईना.

मग एका प्रयोगाबद्दल वाचलं. बेलर विद्यापीठातल्या मायकेल स्कलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. ५७ तरुण माणसांना झोपेच्या प्रयोगशाळेत झोपवलं आणि त्याआधी पाच मिनिटं लिहायला लावलं. काहींनी पुढच्या दिवसांत करायची कामं लिहिली, काहींनी आधी करून झालेली. मला वाटलं होतं, झालेली कामं लिहिणाऱ्यांना समाधानानं झोप लागेल. झालं उलटं. करायची कामं लिहिणारे सरासरी नऊ मिनिटं आधी झोपले, आणि त्यांच्यातही ज्यांची यादी जास्त तपशीलवार ते आणखी लवकर.

अर्धवट राहिलेलं काम मनाला चिकटून बसतं, हे मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये बर्लिनमध्ये मांडलं होतं. नंतरच्या सगळ्याच प्रयोगांत ते तसं दिसलं नाही, हेही वाचलं. पण माझा तीनचा आकडा मला त्यात दिसला. मी ऑफिसातून निघायचे, पण काम उघडंच टाकून निघायचे. आता निघण्याआधी दहा मिनिटं वहीत लिहिते. ‘ताळमेळ बघणे’ असं मोघम लिहून चालत नाही. ‘सकाळी आधी बँकेच्या विवरणातल्या १४ ते २० तारखांच्या नोंदी तपासणे, फरक तिथेच असावा’ इतकं लिहावं लागतं. तीनला जाग अजून येते, पण आठवड्यातून एखाद्या वेळेस. आकडा वहीत आहे हे आठवलं की बहुतेक वेळा कूस बदलून झोपते.

हे माझं झालं. तुमचं लिहा. सल्ले नकोत, ते सगळीकडे मिळतात. तुमच्या बाबतीत काय झालं ते हवंय. रात्री नेमकं काय जागं ठेवायचं? कशानं फरक पडला, आणि लोक सांगतात पण तुम्हाला उपयोग झाला नाही असं काय होतं? दोन ओळी लिहिल्यात तरी चालेल.


ऑन-कॉल काम करणारा संगणक अभियंता

आमच्याकडे आठवड्याची पाळी असते. ज्याची पाळी त्यानं फोन उशाशी ठेवायचा, सर्व्हर पडला तर रात्री दोनलाही उठायचं. त्या आठवड्यात उठावं लागतं याचं मला काही वाटत नाही, ते कामच आहे. मला छळायचे पाळी नसलेले तीन आठवडे. कुठे काही थरथरलं तरी मी ताडकन उठून बसायचो. आवाज झाला नाही तर आणखी वाईट, मग फोन बंद पडला की काय म्हणून बघायला उठायचो.

आमच्या टीममधल्या एकीनं सुचवलं की पाळीचा फोनच वेगळा करू. स्वतःच्या नंबरवर इशारे घ्यायचेच नाहीत. आता एक साधा हँडसेट आहे, तो दर गुरुवारी चार वाजता एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जातो. सोबत एक पान असतं: काय चालू आहे, काय बिघडू शकतं, बिघडलं तर पहिलं काय करायचं. ज्या गुरुवारी मी तो फोन देतो त्या रात्रीची झोप वेगळीच असते. सॉफ्टवेअरमध्ये नाव बदलूनही पाळी देता येते, आम्ही वर्षभर तसंच करत होतो. पण वस्तू हातातून गेल्याशिवाय माझ्या शरीराला ते पटत नव्हतं.

तुमच्या वहीसारखंच मीही करतो, फक्त दिवसातून अनेकदा. एक काम सोडून दुसऱ्याकडे वळताना पहिल्याचा काही भाग डोक्यात मागे राहतो, असं सोफी लरॉय या संशोधिकेनं २००९ मध्ये दाखवलं. पुढे त्यांनीच उपाय तपासला: काम मध्येच सोडताना मिनिटभरात लिहून ठेवायचं की कुठवर आलो आणि परत आल्यावर पहिलं पाऊल कोणतं. मी हे प्रत्येक मिटिंगच्या आधी करायला लागलो, आणि संध्याकाळी डोक्यात उरणारा गाळ बराच कमी झाला.


अतिदक्षता विभागातली परिचारिका

ताई, यादी मी करून पाहिली. माझ्या कामाला ती लागू पडली नाही. आमचं उरलेलं काम पुढच्या पाळीकडे जातंच. माझ्या डोक्यात येतं ते करून झालेलं. चौथ्या बेडचा औषधाचा पंप मी नीट लावला ना? डोस लिहिला, पण वेळ लिहिली का? नातेवाइकांशी तुटक बोलले का? यातलं काहीच उद्याच्या यादीत मावत नाही.

पहिली तीन वर्षं मी घरी पोचल्यावर वॉर्डात फोन करायचे. एकदा, मग झोपण्याआधी पुन्हा एकदा. पलीकडून उत्तर यायचं, ‘सगळं ठीक आहे, तू झोप.’ आणि दहा मिनिटांनी मनात नवीन प्रश्न उभा. खात्री करून घेतली की शंका मिटते असं वाटतं, पण माझ्या बाबतीत प्रत्येक फोननं पुढच्या शंकेला वाट करून दिली.

आमच्या इनचार्ज सिस्टरांच्या ते लक्षात आलं. त्यांनी मला फोन करू नकोस असं सांगितलं नाही. त्यांनी हँडओव्हरची पद्धत बदलली. काउंटरवर बसून वाचून दाखवणं बंद. दोघींनी प्रत्येक बेडपाशी जायचं, पंपावरचा आकडा दोघींनी वाचायचा, चार्टवर दोघींनी बोट ठेवायचं, आणि शेवटी पाळी घेणारीनं मोठ्यानं म्हणायचं, ‘मी घेतलं.’ मी मुद्दाम ते शब्द ऐकून निघते. रात्री पंप डोळ्यांसमोर आला तर आता त्याच्या शेजारी तिचा चेहराही येतो. फोन हळूहळू बंद झाले, मलाही कळलं नाही कधी.

पेशंट जातो त्या दिवसाचं वेगळं. त्यावर उपाय असा नाही, आणि असावा असंही मला वाटत नाही. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयातले परिचारक जोनाथन बार्टेल्स यांनी एक रीत सुरू केली. रुग्ण गेल्यावर सगळ्यांनी त्याच्याभोवती थोडा वेळ शांत उभं राहायचं, मगच पुढच्या कामाला लागायचं. आम्हीही ते करतो. पूर्वी एकाचे डोळे मिटले की दुसऱ्या मिनिटाला दुसऱ्या बेडचा अलार्म, आणि त्या माणसाची आठवण थेट रात्री बारा वाजता माझ्या खोलीत यायची. आता अजूनही येते, पण तो निरोप आधी घेऊन झालेला असतो. रडू आलं तर येऊ देते. त्या रात्री कमी झोप झाली तर झाली.


शिक्षिका

मी उत्तरपत्रिका पलंगावर बसून तपासायचे, कारण पसरायला तेवढी जागा दुसरीकडे नव्हती. गठ्ठा बाजूला सारून तिथेच आडवी व्हायचे आणि तास-तास जागी. त्याच वेळी सोफ्यावर बसल्या-बसल्या मात्र पेंगायचे. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूट्झिन यांनी १९७२ मध्ये यावर उपचार मांडला होता. अंथरूण फक्त झोपेसाठी, झोप येत नसेल तर उठून दुसऱ्या खोलीत जायचं आणि डोळे जड झाले की परत यायचं. मी गठ्ठा जमिनीवर चटई टाकून तपासायला लागले. गुडघे दुखतात, पण दोन आठवड्यांत फरक पडला.


घरून काम करणारी

ऑफिस होतं तेव्हा परतीच्या प्रवासाला मी वैतागायचे. तो गेल्यावर कळलं की त्या तासाभरात माझं डोकं रिकामं होत होतं. आता लॅपटॉप मिटला की तीन पावलांवर पलंग. टेबल झोपण्याच्या खोलीतच आहे, दुसरी जागा नाही, त्यामुळे ‘कामाची खोली वेगळी ठेवा’ हे वाचून मला नेहमी वाईट वाटतं. ज्यांच्याकडे एकच खोली आहे त्यांनी काय करायचं?

मी तीन गोष्टी केल्या आणि त्यांतली एक फसली. काम संपल्यावर फिरायला जायचं ठरवलं होतं, ते टिकलं नाही, कारण एखादी मिटिंग लांबली की फिरणंच कापलं जायचं. दुसरी टिकली: सात वाजता लॅपटॉप, चार्जर, वही सगळं एका पेटीत घालायचं आणि टेबलावर चादर टाकायची. तिसरी, संध्याकाळनंतर टेबलाकडे पाठ करून बसायचं. खुर्चीची दिशाच बदलली. ऐकायला किरकोळ वाटेल, पण लाल दिवा लुकलुकणारा तो लॅपटॉप अंधारात दिसत राहणं आणि न दिसणं यात माझ्यासाठी फार अंतर आहे.

झोपण्याच्या दीड तास आधी गरम पाण्यानं अंघोळ करते. हेही तपासलेलं आहे. २०१९ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात झोपेच्या एक ते दोन तास आधी ४० ते ४२.५ अंश सेल्सिअस पाण्याची अंघोळ केल्यानं झोप सरासरी दहा मिनिटं आधी लागते असं दिसलं. गरम पाण्यानं हातापायांकडचं रक्त वाढतं, तिथून उष्णता बाहेर पडते आणि शरीराचं आतलं तापमान उतरतं, त्या उताराबरोबर झोप येते. माझ्यासाठी मात्र त्याचा मोठा उपयोग वेगळाच झाला: अंघोळीनंतर मी चादर उचलत नाही. आधी उचलायचे.


विक्री विभागात काम करणारा

वह्या, अंघोळ, चादर हे सगळं पटतंय, पण मला एक विचारायचंय. रात्री साडेदहाला ग्रुपवर ‘उद्याचे आकडे?’ असा मेसेज येतो तो काय माझ्या मनातून येतो का? मला झोपेचा आजार नव्हता. मला रात्री कामाला लावलं जात होतं आणि त्याला काम कुणी म्हणत नव्हतं. वर्षभर मी श्वासाचे व्यायाम केले. श्वास शांत व्हायचा आणि मेसेज यायचा.

फ्रान्समध्ये कामाच्या वेळेबाहेर संपर्कापासून मोकळं राहण्याच्या हक्काचा कायदा १ जानेवारी २०१७ पासून आहे. ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून, आधी मोठ्या संस्थांना, वर्षानं लहान संस्थांना. म्हणजे देशांच्या पातळीवरही हे फक्त ‘मन शांत ठेवा’वर सोडलेलं नाही.

मी शेवटी साहेबांशी बोललो. दोन रात्री काय बोलायचं ते लिहून काढत होतो. तक्रार केली नाही, विचारलं: ‘रात्रीच्या मेसेजला तेव्हाच उत्तर हवं असतं का?’ ते थांबले. म्हणाले, ‘नाही, मला आठवतं तेव्हा मी टाकून ठेवतो, तुम्ही सकाळी द्या.’ वर्षभर आम्ही आठ जण जागत होतो आणि ती अपेक्षाच नव्हती. सगळ्यांचे साहेब असं म्हणतील असं नाही, हे मला कळतं. पण विचारायला एवढा वेळ लावायला नको होता.


टीम सांभाळणारी

वरचं वाचून मला राहवलं नाही. रात्री मेसेज टाकणारी मी आहे. मुलं झोपल्यावर मला शांतता मिळते, तेव्हा डोक्यात येईल ते लिहून टाकते, कारण माझी झोप त्यानंच लागते. माझी यादी मी लोकांच्या फोनवर लिहीत होते, हे आज पहिल्यांदा दिसलं. आजपासून सगळे मेसेज सकाळी साडेनऊला जातील असे लावून ठेवणार आहे. टीमला तसं सांगणारही आहे, न सांगता केलं तर ते वाट बघत बसतील.


बांधकाम प्रकल्पांवर काम करणारा

माझा अनुभव लांब आहे, कारण त्रास लांब चालला. एका प्रकल्पात मुदत जवळ आली आणि मला रात्री सलग दोन-अडीच तासच झोप लागायला लागली. सगळे म्हणाले, काम संपलं की बरं वाटेल. काम संपलं. वेळेवर संपलं. झोप परत आली नाही. आठ महिने.

त्या आठ महिन्यांत मी जे जे शहाणपणाचं समजून केलं ते सगळं उलटं पडलं. रात्री झोप होत नाही म्हणून नऊलाच पडायचो. सकाळी आठपर्यंत पडून राहायचो, निदान आराम तरी. सुट्टीच्या दिवशी दुपारी दोन तास. झोप मोजणारं घड्याळ घेतलं आणि सकाळी उठल्यावर आधी त्यात बघायचो की मी कसा झोपलो. बरं वाटत असेल आणि आकडा वाईट असेल तर तेवढ्यात थकवा यायचा. या आकड्यांच्या ध्यासाला २०१७ मध्ये संशोधकांनी ‘ऑर्थोसोम्निया’ असं नाव दिलंय.

शेवटी झोपेच्या तज्ज्ञांकडे गेलो. आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री, आणि तीन महिने किंवा अधिक काळ असं चाललं असेल तर त्याला जुना निद्रानाश म्हणतात, हे त्यांनी सांगितलं. मग त्यांनी आर्थर स्पीलमन यांची १९८७ पासूनची मांडणी समजावली. काही जण मुळात हलक्या झोपेचे असतात. त्यात एखादं निमित्त घडतं. आणि तिसरी गोष्ट म्हणजे निमित्त संपल्यावरही त्रास टिकवून धरणाऱ्या सवयी. माझं निमित्त संपलं होतं. उरलं होतं ते सगळं तिसऱ्या खणातलं.

उपचार बोलण्याचा आणि सवयी बदलण्याचा होता. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेनं २०१६ पासून प्रौढांच्या जुन्या निद्रानाशावर हाच पहिला उपचार सांगितला आहे, गोळ्यांचा विचार त्यानंतर. मी आठवडाभर वेळा लिहून नेल्या. अंथरुणात ११ तास, झोप साडेपाच तास. ते म्हणाले, ‘मग अंथरुणात साडेपाच तासच राहायचं. साडेबाराला आडवं व्हायचं, सहाला उठायचं, रात्र कशीही गेली तरी.’ मला राग आला. झोप मिळत नाही म्हणून आलोय आणि हे अंथरूण काढून घेतायत.

पहिले दहा दिवस फार कठीण गेले. त्या काळात गाडी चालवू नका असं त्यांनी बजावलं होतं आणि मी चालवली नाही. फेफरं किंवा बायपोलर असा त्रास असणाऱ्यांना हा उपाय धोक्याचा ठरू शकतो, म्हणून माझं वाचून कुणी स्वतःहून सुरू करू नका, तज्ज्ञांबरोबरच करा. अकराव्या की बाराव्या रात्री मी साडेबाराला पडलो आणि पुढचं आठवतं ते गजर वाजल्याचं. मध्ये काही नाही. उठून बसलो तेव्हा माझे हात थरथरत होते. नंतर दर आठवड्याला पंधरा मिनिटं वाढवत गेलो आणि साडेसहा तासांवर बरेच दिवस थांबलो. आता सात तास झोप होते. घड्याळ मी भाच्याला देऊन टाकलं.

प्रकल्प आजही असतात, मुदतीही असतात. वाईट रात्र आली तर दुसऱ्या दिवशी लवकर झोपायला जात नाही. एवढी एकच गोष्ट मी काटेकोर पाळतो.


नोकरी जाईल की राहील हे माहीत नसलेली

आमच्याकडे कपात चालू आहे. माझी काळजी खरी आहे, ती ‘डोक्यातून काढून टाक’ म्हणणाऱ्यांनी माझ्या जागी येऊन बघावं. मला उपयोग झाला तो काळजीला वेळ नेमून देण्याचा. मानसशास्त्रज्ञ बोर्कोवेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये हे तपासलं होतं: रोज एकाच वेळी, एकाच जागी अर्धा तास काळजी करायची, एरवी आली तर ‘तुझी वेळ सहाची’ म्हणून पुढे ढकलायची. मी सहा वाजता जिन्यात बसते. घरात नाही. वहीत उजवीकडे लिहिते ते माझ्या हातात आहे, उदाहरणार्थ किती महिने पुरेल याचा हिशोब, कुणाकुणाला फोन करायचे. डावीकडे जे माझ्या हातात नाही ते. डावी बाजू रोज जवळपास तीच असते. रात्री ती आली की म्हणते, तू लिहून झालीस. दहातल्या सहा-सात रात्री ती ऐकते.


रात्रपाळीचा कामगार

आम्ही झोपतो तेव्हा जग उठलेलं असतं. आमची अडचण विचारांपेक्षा उजेडाची जास्त. मेंदूतलं घड्याळ डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडावर चालतं, आणि पाळी सुटते तेव्हा समोर उगवता सूर्य असतो. बसमध्ये मी गडद चश्मा लावतो (स्वतः गाडी चालवत असाल तर लावू नका), खिडकीला जाड काळा पडदा. घरच्यांनी दारावर एक फळी टांगली आहे, ती उलटी असली की कुणी हाक मारत नाही. पाळीवरून आल्यावर लगेच पडायचो ते बंद केलं. तुम्ही संध्याकाळी घरी येऊन लगेच झोपता का? मग मी सकाळी का झोपावं? तासभर बसतो, नातवाशी बोलतो, मग आत जातो.


ज्याला वाटत होतं की ताणच आहे

चार वर्षं मी दमलेला उठायचो आणि दोष कामाला द्यायचो. एक बदली मागून घेतली, ती मिळाली, तरी तेच. बायको म्हणायची की तू घोरताना मध्येच गप्प होतोस आणि मग गुदमरल्यासारखा श्वास घेतोस. तपासणीत स्लीप ॲप्निया निघाला, झोपेत घशातली श्वासाची वाट बंद पडत होती. आता रात्री ती वाट उघडी ठेवणाऱ्या हवेच्या यंत्राचा मास्क लावतो. पुरेसे तास झोपूनही थकवा जात नसेल तर घरच्यांना विचारा तुम्ही झोपेत कसे दिसता.


भाषांतरकार

माझ्या डोक्यात काम वाक्यांच्या रूपानं येतं. हे वाक्य असं केलं तर, त्यापेक्षा तसं केलं तर. आकडे उलटे मोजून काही होईना, मोजता मोजता वाक्य चालूच. कॅनडातले संशोधक ल्यूक बोदवँ यांनी एक रीत सुचवली आहे: एकमेकांशी संबंध नसलेल्या वस्तू एकामागून एक डोळ्यांसमोर आणायच्या. झोप लागताना मन आपोआप असंच तुटक चित्रं बघतं, आपण त्याला त्या वाटेवर नेऊन सोडायचं.

मराठीत मी ते असं करते. एक शब्द घ्यायचा, समजा ‘पाऊलवाट’. ‘पा’वरून पाटी, पाखरू, पायरी, पाळणा. प्रत्येक वस्तू नीट दिसेपर्यंत थांबायचं, पायरी दगडाची की लाकडाची, तिच्यावर ओल आहे का. मग ‘ऊ’वरून ऊस, ऊब... ऊब दिसत नाही, मग सोडून द्यायचं, अडायचं नाही. मग ‘ल’. ‘वा’पर्यंत मी फार थोड्या वेळा पोचले आहे. एकच पथ्य: कामाशी जोडलेला शब्द घ्यायचा नाही. एकदा ‘मुदत’ घेतला होता.


निवृत्त

तुमच्या या गोष्टी वाचताना बरं वाटलं. मी वीज उपकेंद्रात ३४ वर्षं पाळ्या केल्या. आमच्याकडे लॉगबुक असायचं. कोणती लाइन चालू, कोणती बंद, कुठे माणसं काम करतायत, सगळं त्यात. पाळी सोडणाऱ्यानं सही करायची, घेणाऱ्यानं वाचून सही करायची, आणि ती दुसरी सही पडेपर्यंत खुर्ची सोडायची नाही. सिस्टरताई, तुमचं ‘मी घेतलं’ म्हणजे आमची ती दुसरी सही. नोकरीत असताना मला झोपेचा त्रास कधी झाला नाही.

तो झाला निवृत्तीनंतर. लोकांना वाटतं आता कसली काळजी. दोन वर्षं एकच स्वप्न: एक लाइन मी बंद केलेली आहे, तिच्यावर माणसं चढलेली आहेत, आणि ते लॉगबुकात लिहायचं राहून गेलंय. घामाघूम होऊन उठायचो. पत्नी पाणी द्यायची आणि म्हणायची, ‘अहो, तुमची पाळी नाही आज.’

शेवटच्या दिवशी हार झाले, भाषणं झाली, सगळे खाली जमले होते. मी त्या दिवशी पाळीवर नव्हतोच, त्यामुळे कुणी माझ्याकडून काही घेतलं नाही. ३४ वर्षांच्या खिसावह्या माझ्याकडे होत्या, कुठलं यंत्र पावसाळ्यात कसं वागतं, कुठल्या कळीला किती दाब लागतो, असं बरंच काही. एक दिवस त्या पिशवीत घालून गेलो आणि तिथल्या तरुण अभियंत्याला दिल्या. मला वाटलं ठेवून घेईल आणि चहा पाजून पाठवेल. तो दोन तास बसला, एकेक पान विचारत गेला. शेवटी मी सांगितलं नसताना त्यानं पहिल्या वहीच्या आतल्या पानावर तारीख घातली, वेळ घातली आणि सही केली.

स्वप्न अजून कधीतरी पडतं. पण त्यात आता लॉगबुक भरलेलं असतं.


धागा सुरू करणारी

रोज रात्री वाचतेय, म्हणजे आठच्या आत, नंतर नाही. काका, तुमचं वाचून दुसऱ्या दिवशी आमच्याकडे नव्यानं आलेल्या मुलीला माझी वही दाखवली. तिनं तीन ओळींवर खुणा केल्या आणि म्हणाली, ‘या मी बघते.’ त्या तीन ओळी रात्री आल्या नाहीत.

एका गोष्टीवर अजून कुणी लिहिलेलं नाही. सुट्टीची शेवटची संध्याकाळ. काम सुरू झालेलं नसतं, त्यामुळे काही अर्धवट नसतं, लिहायलाही फारसं नसतं, तरी पाचच्या पुढे छातीत काहीतरी जड व्हायला लागतं आणि त्या रात्री बारा वाजून जातात. वही, चादर, दोन्ही करून पाहिलं. ज्यांना यातून वाट सापडली आहे त्यांनी लिहा, मी वाट बघते.